आधी बाइट पाहा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. मावळातल्या उर्से टोलनाक्यावरून गाडी पुढे जाते, तेव्हा तिची नोंद नाक्यावरच्या संगणकातून बँकेकडे आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या (एनपीसीआय) यंत्रणेकडे जाते. इतक्या संस्थांनी आपापले प्रोग्राम एकाच भाषेत लिहावेत, असा आग्रह धरता येत नाही. अशा कोणत्याही व्यवस्थेत दोन प्रोग्रामांचे सॉकेटवरचे बोलणे अडले, की पहिला संशय नेटवर्कवर जातो आणि दुसरा समोरच्याच्या भाषेवर. माझ्या मते दोष बहुतेक वेळा तिसरीकडेच असतो : बाइट कसे मोजायचे आणि कोणत्या क्रमाने मांडायचे, हे दोघांनी ठरवलेलेच नसते.

‘लोणावळा’ हा एकच शब्द जावातून सीकडे पाठवून पाहा. जावा काना-मात्रा वेगळ्या धरून त्याची लांबी ७ सांगते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून प्रत्यक्षात २१ बाइट जातात. लांबी ७ कळवली, तर सी प्रोग्राम ‘लो’ आणि ‘ण’चा एक बाइट घेऊन थांबतो, उरलेले १४ बाइट त्याला पुढचा संदेश वाटतात. लांबी २१ कळवली, तरी पेच उरतोच. जावा संख्येचा मोठा बाइट आधी लिहिते, इंटेलचा प्रोसेसर लहान बाइट आधी धरतो. दोन बाइटांतली ती संख्या न उलटता वाचली, की २१ चे ५३७६ होतात आणि प्रोग्राम कधीच न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत हँग होतो. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागत असल्याने रोमन लिपीतल्या चाचणीत मोजणीची चूक दिसतच नाही.

‘पण घाटातले नेटवर्कच कच्चे असते,’ असे कुणी म्हणेल. टीसीपी बाइट क्रमानेच पोचवते, नाही जमले तर जोडणी तुटते. मात्र संदेश कुठे संपला, हे टीसीपी सांगत नाही. एक संदेश दोन तुकड्यांत येऊ शकतो, दोन संदेश एकत्रही येऊ शकतात. ठरलेली लांबी भरेपर्यंत वाचत राहणे ही प्रोग्रामचीच जबाबदारी. ‘जेसन वापरा, प्रश्न मिटेल,’ हा दुसरा आक्षेप. जेसनने मजकुराची रचना ठरते, सॉकेटवरची त्याची हद्द नाही. एचटीटीपी ती हद्द सांगते, पण तिथेही लांबी बाइटांतच द्यावी लागते.

म्हणून कोड बदलण्याआधी नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये बाइट पाहावेत. ‘लोणावळा’च्या आधी ०० १५ ही सोळाच्या पायातली जोडी दिसली, तर पाठवणारा बरोबर आहे, चूक वाचणाऱ्याकडे शोधावी. लांबी, क्रम आणि लिपीची सांकेतिक पद्धत हा करार अर्ध्या पानात मावतो. तो कामाच्या आरंभीच लिहून दोन्ही बाजूंनी मान्य करावा, आणि चाचणीत देवनागरी नावे असावीतच.