सुधारणा आणि जोखीम

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या हरसूल परिसरात भात, नागली व वरई ही मुख्य धान्ये. पाऊस विपुल, पण पाणी उतारावरून वाहून जाते आणि सुगी सरली की अनेक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. अशा शेतकऱ्याने सुधारित पद्धत स्वीकारली नाही, तर त्यास अज्ञानी ठरवून मोकळे होण्याची सुशिक्षित समाजाला सवय आहे. हे निदान तपासून पाहिले पाहिजे.

राबाचेच उदाहरण घ्यावे. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जाळावयाच्या आणि पावसाच्या तोंडावर बी टाकावयाचे, ही जुनी रीत. तिच्यापायी झाडे छाटली जातात व शेणखत जळते, हे खरे. परंतु त्यामुळे तणाचे बी मरते आणि रोप जोमदार निघते, हेही तितकेच खरे. रोप फसले तर वर्ष फसते. म्हणून राब सुटत नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीने या राबाला पर्याय दिला. रोपवाटिकेत तुसाची काळी राख व खाचरात पेंढा; गिरिपुष्पाचा पाला; दोरीवरील खुणांनुसार १५ व २५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर चुडात दोन-तीन रोपे; आणि चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचणे, ही ती सूत्रे. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत. वरून फेकलेले खत मुसळधार पावसात वाहून जाते. पुरलेली गोळी मुळांपाशी राहते.

मग अडते कोठे? पेंढा खाचरात घातला तर बैलांनी खायचे काय? दोरीवरची लावणी प्रारंभी अधिक हात मागते, आणि लावणीचे दिवस तर मोजकेच. गोळ्या रस्ते चिखलात रुतण्यापूर्वी पोहोचल्या नाहीत, तर चौथे सूत्र कागदावरच राहते. वाणाचेही तसेच. वडगाव मावळ येथून १९८७ साली आलेला इंद्रायणी सुगंधी खरा, पण तो सुमारे साडेचार महिने घेतो. ओल लवकर सरणाऱ्या वरच्या खाचरांना हळवे भातच हवे.

सत्तरच्या दशकात डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली आणि जागतिक बँकेने पुरस्कारलेली 'प्रशिक्षण व भेट' पद्धत अनेक राज्यांत आली. तिच्यात संदेश वरून खाली नियमित जात असे. शेतकऱ्याची अडचण मात्र खालून वर क्वचितच पोहोचे. ही उणीव भरून काढावयाची, तर पहिला प्रयोग शेतकऱ्याच्याच पाच-दहा गुंठ्यांवर व्हावा, त्याची तूट शासनाने सोसावी आणि दोरीची लावणी सावडीने करणाऱ्या गटांना मदत मिळावी. ज्याच्या कोठारात वर्षाचेच धान्य आहे, त्याला केवळ उपदेश पुरत नाही. जोखमीत वाटेकरी मिळाला, तर सुधारणा त्याच्या बांधावर टिकेल.