मंजूर झालं, पण बांधलंच नाही: विराट, सी-वर्ल्ड आणि कागदावरची पर्यटनस्थळं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे काढलेत, भाषा तशीच ठेवलीय.)

घोडेगावातून बोलतोय. मागे कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय: अशी पर्यटनस्थळं, ज्यांची घोषणा झाली, रंगीत चित्रं छापून आली, कधीकधी मंत्रिमंडळाची मंजुरीही मिळाली, पण तिकीटखिडकी काही उघडली नाही. अशा गोष्टी ऐकायला भारी वाटतात. पण त्यात कुणाची जमीन, कुणाची नोकरीची आशा आणि आपल्या सगळ्यांचा पैसा अडकलेला असतो.

पहिली गोष्ट: आयएनएस विराट

विराट ही सुमारे २८ हजार टनांची विमानवाहू युद्धनौका. १९५९ साली ती ब्रिटिश नौदलात हर्मिस नावाने दाखल झाली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली आणि ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली.

पुढे काय करायचं? १ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक योजना मंजूर केली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, निवती रॉकजवळच्या समुद्रात विराट कायमची उभी करायची आणि तिच्यावर संग्रहालय आणि सागरी साहसाचं केंद्र करायचं. खर्च ८५२ कोटी रुपये. सरकार आणि खासगी भागीदार मिळून हे करणार होते.

भागीदार काही मिळाला नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की, स्वतःच्या कमाईवर चालेल असा आर्थिकदृष्ट्या पूर्ण प्रस्ताव आला नाही, म्हणून जहाज मोडीत काढायचं ठरलं. लिलावात विराट ३८.५४ कोटींना गेली. सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातमधल्या अलंगला पोहोचली. ती वाचवण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण तोपर्यंत तोडणी बरीच पुढे गेली होती. २०२१ मध्ये तो मार्गही बंद झाला.

"स्वतःच्या कमाईवर चालणं" म्हणजे काय?

आपल्या घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. म्हैस एकदाच घ्यायची असते. पेंड, चारा, डॉक्टर मात्र रोजचं असतं. दूध त्याहून जास्तीचं निघालं तरच व्यवहार परवडतो.

आता विराटला हाच हिशोब लावू. हा हिशोब आपला, समजण्यापुरता. ८५२ कोटींवर वर्षाला १० टक्के व्याज धरा. झाले ८५ कोटी. तिकीट ५०० रुपये धरलं, तर नुसतं व्याज फेडायला वर्षाला १७ लाख माणसं लागतात. पावसाळ्यात कोकणच्या समुद्रात होड्या बंद, म्हणजे हातात साधारण २७० दिवस. दिवसाला ६३०० माणसं! एका बोटीत ५० बसली, तरी रोज सव्वाशे फेऱ्या. आणि यात पगार, रंगरंगोटी, डिझेल, विमा काहीच धरलेलं नाही. खाऱ्या पाण्यात उभ्या लोखंडाला गंज चढायचा तर थांबत नाही.

याआधीची विक्रांत आठवा. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून काही वर्षं चालली, सुरक्षेच्या कारणाने २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली गेली. तिच्या पोलादाचा थोडा भाग पुढे बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलमध्ये गेला.

मग जहाजाचं संग्रहालय चालतच नाही का? चालतं की! विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. फरक बघा: ती आकाराने लहान, पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर ठेवलेली आणि भर शहरात. माणूस चालत येतो, तिकीट काढतो, आत जातो. बोट नाही, भरती-ओहोटी नाही.

दुसरी गोष्ट: सी-वर्ल्ड

याच सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी परिसरात सी-वर्ल्ड नावाचा मोठा प्रकल्प ठरला होता. समुद्री जीवांची दालनं, सोबत पर्यटकांच्या सोयी असं त्याचं स्वरूप. सुरुवातीला चर्चा होती १३९० एकरांची.

इथे प्रश्न आला जमिनीचा. १३९० एकर म्हणजे मोकळं माळरान नव्हे. तिथे घरं आहेत, देवळं आहेत, आंबा-काजूच्या बागा आहेत. गावकऱ्यांनी विरोध केला. पुढे जागा कमी करायची भाषा झाली. विषय अधूनमधून परत निघतो, पण प्रकल्प उभा राहिलेला नाही.

"विकासाला विरोध करणारे लोक" असं म्हणणं सोपं असतं. पण त्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्या सातबाऱ्यावर प्रकल्पाची टांगती तलवार आहे. नवीन कलमं लावायची का? घराचा स्लॅब टाकायचा का? जमीन विकायला काढली तर घेणार कोण? प्रकल्प झाला तर निदान मोबदला ठरतो. न झालेला प्रकल्प मात्र वर्षानुवर्षं ताटकळत ठेवतो. दुसरीकडे, इथेच काम मिळेल म्हणून मुंबईला जायचं थांबवलेली पोरंही असतातच. त्यांचंही नुकसान मोजलं पाहिजे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

अजिबात नाही. डिस्नीसारख्या कंपनीने नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात 'डिस्नीज अमेरिका' हे पार्क जाहीर केलं. जागा मनासस या यादवी युद्धाच्या रणभूमीजवळ होती. इतिहासकार आणि स्थानिक लोक उभे राहिले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्नीने तिथून माघार घेतली. वर्षभराच्या आत विषय संपला. आपल्याकडे मात्र "रद्द" हा शब्द कुणी लवकर उच्चारत नाही.

आणि बांधून झालं तर?

तरी हिशोब संपत नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. राइड्स उत्तम, पण कर्जाचा डोंगर पेलवेना. शेवटी २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं. हा समूह मूळचा आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेरचा आणि शिर्डीत वॉटर पार्क चालवणारा. शिर्डीचं गणित समजण्यासारखं आहे: माणूस दर्शनाला येणारच असतो, त्याला अजून अर्धा दिवस थांबवायचं. गर्दी नव्याने जमवावी लागत नाही. घोडेगावच्या फाट्यावरून शिंगणापूरला वळणाऱ्या गाड्या रोज बघणाऱ्यांना हे लगेच कळेल.

पुढची घोषणा ऐकाल तेव्हा

मोबाइलवर एखाद्या भव्य प्रकल्पाचा व्हिडिओ येईल. काचेची छतं, हसणारी कुटुंबं, निळंशार पाणी. तो संगणकावर केलेला असतो, त्याला 'कन्सेप्ट' म्हणतात. फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न विचारा:

१. जागा कुणाची आहे, आणि ती ताब्यात आली का?
२. परवानग्या मिळाल्या का? समुद्रकिनारी असेल तर सीआरझेडची, जंगलाजवळ असेल तर वनखात्याची.
३. पैसा कोण घालणार? "खासगी भागीदारीतून" असं लिहिलं असेल, तर भागीदाराचं नाव काय?
४. रोज किती माणसं येतील असं धरलंय, आणि ती पोहोचणार कशी?
५. ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही, तर लोकांच्या जमिनी मोकळ्या कधी करणार?

पहिल्या चारांची उत्तरं प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये असायला हवीत. सरकारी प्रकल्प असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून तो अहवाल मागता येतो. पाचवा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा, आणि उत्तर ठरावात लिहून घ्यायचं. तोंडी आश्वासनाची प्रत निघत नाही.

तुमच्या तालुक्यात असं एखादं "होणार होणार" म्हणून राहिलेलं ठिकाण असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कुठे, कधी जाहीर झालं आणि आज तिथे काय आहे, एवढं सांगा. पुढच्या भागात त्यातलं एक घेऊ. भेटू मंडळी!