बांधावरची बनकुलथी : तुरीचा रानटी आप्त

शेताच्या बांधावर, गवताला वेढे घालत वाढणारी एक केसाळ वेल बहुधा तण म्हणून उपटली जाते. हिंदी भाषक प्रदेशात तिला 'बनकुलथी' म्हणतात. शास्त्रीय नाव कॅजॅनस स्कॅराबेऑइडिस. पूर्वी अ‍ॅटायलोसिया या प्रजातीत गणली जाणारी ही वनस्पती आता तुरीच्याच प्रजातीत समाविष्ट आहे. तिच्या जातिनामाचा अर्थ 'भुंगेऱ्यासारखी' असा होतो.

ओळख
पाने त्रिदली असून पर्णिका जाडसर, खालच्या बाजूस करड्या लवेच्या असतात. फुले पिवळी, लहान आणि पानांच्या बगलेत येतात. शेंग जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांब, दाट केसांनी झाकलेली असते आणि दाण्यांच्या मधोमध तिच्यावर आडव्या खाचा दिसतात. पिवळ्या फुलांच्या ऱ्हिंकोशिया मिनिमा या वेलीशी तिची गल्लत होते. मात्र ऱ्हिंकोशियाच्या शेंगेत एक-दोनच दाणे असतात, तर बनकुलथीच्या शेंगेत साधारणतः चार ते सहा. दाण्यावरील ठळक फिकट उंचवटा ही आणखी एक खूण.

अधिवास
किनारपट्टीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ही वेल आढळते. उघडी गवताळ माळराने, झुडुपी वने, रस्त्यांच्या कडा आणि बांध ही तिची ठिकाणे. दाट सावलीत तिचा शोध घेण्यात अर्थ नाही.

महत्त्व
शेंगा पोखरणारी घाटेअळी हा तुरीचा प्रमुख शत्रू. लागवडीच्या तुरीच्या शेंगेवरील ग्रंथियुक्त केसांचा स्राव अळीला खाण्यास उद्युक्त करतो. बनकुलथीच्या शेंगेवर तसे केस नसतात. उलट ग्रंथिविरहित केसांच्या दाट थरामुळे नवजात अळीला शेंगेच्या सालीपर्यंत पोहोचणे कठीण जाते. तुरीशी तिचा संकर होऊ शकत असल्याने हा गुण पैदासकारांच्या आवाक्यात आहे. गुजरातमधील जीटीएच-1 या संकरित तुरीसाठी वापरलेले नर-वंध्यत्व याच वनस्पतीच्या पेशीद्रव्यातून आले आहे.

जतन
पक्व शेंगा तडकून बी आपोआप विखुरते. त्यापूर्वी बांध जाळला किंवा तणनाशक फवारले, तर त्या हंगामाचे बी मातीत पडत नाही. म्हणून शेंगा वाळेपर्यंत बांधाचा एखादा तुकडा राखावा. संग्रहकांनी तपकिरी झालेल्या, परंतु न तडकलेल्या शेंगा अनेक झाडांवरून थोड्या थोड्या घ्याव्यात आणि स्थळ, जमीन व सोबतच्या वनस्पती यांची नोंद ठेवावी. अशा नोंदीविना जनुकपेढीत गेलेल्या बियांचे संशोधनमूल्य बरेच घटते.