डी अँड डी मध्ये पार्टीसाठी स्किल्स कशी निवडायची? फाशांचं साधं गणित

कोल्हापुरात 'रविवारी पार्टी आहे' म्हटलं की लोक तांबडा-पांढरा कुठं आहे ते विचारतात. आजची पार्टी वेगळी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी या खेळात एकत्र साहसाला निघालेल्या पात्रांच्या चमूला 'पार्टी' म्हणतात. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत सुरू झाला. २०२३ मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना त्याची ओळख झाली.

नवीन ग्रुप जमला की बहुतेक वेळ तलवार कुठली आणि जादू कुठली यावर जातो. स्किल्स मात्र प्रत्येकजण घरी बसून, दुसऱ्याला न विचारता टिक करून आणतो. मग टेबलावर कळतं की तिघांनी एकच स्किल घेतलंय आणि एकाला अख्ख्या संध्याकाळी करण्यासारखं काहीच नाही. असा खेळाडू दोन रविवार येतो, तिसऱ्या रविवारी त्याला 'काम' निघतं. चार जणांचा ग्रुप मोडायला एवढं पुरतं. म्हणून हे गणित आधीच समजून घेऊया.

आधी नियम थोडक्यात

या लेखात पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरले आहेत. काही करायचं असेल तर २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि बेरीज डीएमने (म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) ठरवलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त आली की काम झालं. या आकड्याला डीसी म्हणतात. मध्यम अवघड कामाचा डीसी साधारण १५ असतो.

पहिल्या लेव्हलला, ज्या गुणात आपण चांगले आहोत त्यातलं स्किल घेतलं तर बोनस +५ पर्यंत जातो: गुणाचे +३ आणि प्रावीण्याचे +२. डीसी १५ साठी फाशावर १० किंवा जास्त हवे, म्हणजे ५५ टक्के शक्यता. बोनस शून्य असेल तर फक्त ३० टक्के.

एकूण स्किल्स १८ आहेत. आता गंमत बघा. लढवय्या (फायटर), पुजारी (क्लेरिक) आणि जादूगार (विझार्ड) यांना वर्गाची २ आणि पार्श्वभूमीची २ अशी प्रत्येकी ४ स्किल्स मिळतात. चोराला (रोग) वर्गाचीच ४, म्हणजे एकूण ६. बेरीज १८! मग वाटतं, प्रत्येक स्किल एकेकाने घेतलं की झालं. पण नेमकं तसं करायचं नाही.

एकच फासा, तीन निकाल

समजा चौघांचाही बोनस +५ आहे आणि डीसी १५.

१. चौघांनाही जमलंच पाहिजे: शक्यता फक्त ९ टक्के.
२. निम्म्यांना जमलं तरी चालतं (याला ग्रुप चेक म्हणतात): ७६ टक्के.
३. कुणा एकाला जमलं तरी पुरे: ९६ टक्के.

माणसं तीच, फासे तेच, बोनसही तोच. बदलला तो फक्त प्रश्न. त्यामुळे 'हे स्किल चांगलं का?' असं विचारण्यापेक्षा 'हे काम एकाने करायचं, सगळ्यांनी करायचं, की कुणीही केलं तर चालेल?' असं विचारा.

पन्हाळ्याचं उदाहरण

कोल्हापूरकरांना हे समजायला लांब जायला नको. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडून चार महिने होत आले होते. तिथून छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडाला निघाले. तो खेळ नव्हता, माणसांनी जीव दिले. पण कामांची वाटणी कशी असते ते त्यातून स्वच्छ दिसतं.

शत्रूला गाफील ठेवणारं शरणागतीचं बोलणं आणि महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून गेलेले शिवा काशीद, ही एकेकट्याने निभावायची कामं. तिथं दुसरा माणूस असून उपयोग नाही, जो आहे तो पक्का हवा. पावसाळी रात्री वेढ्यातून निसटणं हे सगळ्यांचं काम, एकाचाही आवाज झाला तर सगळे अडकणार. मागून कोण येतंय यावर नजर ठेवणं हे कुणाचंही काम, जितके डोळे तितकं बरं. आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांनी केलं ती लढाई. तिला खेळात स्किल नाही, तलवारच लागते.

आता आपली पार्टी

लढवय्या (पार्श्वभूमी सैनिक): ॲथलेटिक्स, इंटिमिडेशन, परसेप्शन, सर्व्हायव्हल.
चोर (पार्श्वभूमी गुन्हेगार): स्टेल्थ, डिसेप्शन, परसेप्शन, ॲक्रोबॅटिक्स, इनसाइट, पर्स्युएशन.
जादूगार (पार्श्वभूमी रस्त्यावर वाढलेलं पोर, म्हणजे अर्चिन): अर्काना, इन्व्हेस्टिगेशन, स्टेल्थ, स्लाइट ऑफ हँड.
पुजारी (पार्श्वभूमी अकोलाइट): इनसाइट, रिलिजन, मेडिसिन, पर्स्युएशन.

चार स्किल्स मुद्दाम दोघांना दिली आहेत. परसेप्शन म्हणजे चाहूल घेणं, ते कुणालाही जमलं तरी पुरतं. एकाची शक्यता ५५ टक्के असेल तर दोघांची मिळून ८० होते. स्टेल्थ म्हणजे लपतछपत जाणं. चोराचा बोनस +७ (त्याला दोन स्किल्समध्ये प्रावीण्य दुप्पट धरता येतं) आणि बाकी तिघांचा शून्य असेल, तर डीसी १५ चा ग्रुप चेक ५० टक्के वेळा जमतो. आणखी एकाचा बोनस +५ झाला की ६२ टक्के. इनसाइट आणि पर्स्युएशन दोघांकडे, कारण पार्टी गावात फुटते आणि दोन ठिकाणी बोलणी होतात.

चार स्किल्स सोडली: हिस्टरी, नेचर, ॲनिमल हँडलिंग, परफॉर्मन्स. ती वाईट नाहीत. पण ती लागली नाहीत तर कथा सहसा अडत नाही. डीएमची कथा जंगलातली असेल तर नेचर आणा, सरदारांच्या दरबारातली असेल तर हिस्टरी. म्हणून डीएमला आधी विचारा. तेवढं विचारणं म्हणजे चीटिंग नव्हे.

आणि कुलपाचं काय? कुलूप उघडायला स्किल नव्हे, तर चोराची हत्यारं वापरण्याचं प्रावीण्य लागतं. चोराला ते आपोआप मिळतं. त्यासाठी स्लाइट ऑफ हँड घेऊन जागा भरू नका.

खेळ सुरू करण्याआधी अर्धा तास

चौघं एकत्र बसा, एक कागद घ्या आणि हे तपासा:

१. एकट्याने करायचं प्रत्येक महत्त्वाचं काम, ज्याचा तो गुण सर्वात जास्त आहे त्याच्याकडेच आहे ना?
२. परसेप्शन आणि स्टेल्थ किमान दोघांकडे आहे ना?
३. 'ह्यात मीच पुढे' असं म्हणता येईल असं निदान एक स्किल प्रत्येकाकडे आहे ना?

तिसरा प्रश्न गणिताचा नाही, पण ग्रुप टिकतो तो त्यावरच. दोघांचं एकच स्किल असेल आणि एकाचा बोनस कायम जास्त असेल, तर दुसऱ्याला फासा हातात घ्यायची वेळच येत नाही. त्याला दुसरं काहीतरी पक्कं द्या, भले एकूण शक्यता दोन-चार टक्क्यांनी कमी झाली तरी चालेल.

नियमांसाठी लगेच पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग एसआरडी ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. पार्श्वभूमी त्यात एकच आहे, पण डीएमच्या परवानगीने स्वतःची बनवता येते: कोणतीही दोन स्किल्स निवडा आणि त्यामागं एक गोष्ट जोडा. फासे, पेन्सिल, चार माणसं आणि वरचा कागद एवढ्यावर सुरुवात होते.