नळाच्या पाइपातून ब्लास्टर

‘स्टार वॉर्स’मधले पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर ज्या काळ्या, आखूड शस्त्रातून लाल किरण सोडतात, त्याचं नाव ई-११ ब्लास्टर. पडद्यावर ते दूरच्या आकाशगंगेतलं असलं, तरी त्याचं मूळ इंग्लंडमधल्या डॅगनमच्या कारखान्यात आहे. तिथे बनलेली, जॉर्ज पॅचेट यांनी रचलेली ‘स्टर्लिंग’ ही ९ मिलिमीटरची सबमशीनगन ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्वीकारली. पुढे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तिचीच बहीण ‘कार्बाइन १-ए’ बनू लागली. भोकाभोकांची नळी आणि डाव्या अंगाला आडवं मॅगझिन असलेली ही कार्बाइन आपल्याकडे बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे अनेकांनी पाहिली असेल.

१९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा निर्मात्यांकडे पैसा बेताचा होता. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी नवी शस्त्रं घडवण्याऐवजी लंडनच्या ‘बॅप्टी’ कंपनीकडून खऱ्या बंदुका भाड्याने आणल्या. स्टर्लिंगचं मॅगझिन आखूड झालं. वर रणगाड्याची जुनी दुर्बीण बसली, बाजूला आकडे मोजणारं ‘हेंग्स्टलर’ यंत्र आलं आणि नळीवरच्या भोकांच्या रांगांवर टी-आकाराच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटल्या. काही दृश्यांत या बंदुकांतून खोटी काडतुसं झाडली गेली. बारकाईने पाहिलं तर रिकाम्या पुंगळ्या उडताना दिसतात. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं आणि ते घेणाऱ्यांत ख्रिश्चनही होते.

पण असा ब्लास्टर घडवू पाहणाऱ्या सामान्य चाहत्याला खरी स्टर्लिंग कुठून मिळणार? तिच्या रचनेनेच वाट दाखवली. तिचं अंग म्हणजे पुढून मागपर्यंत सरळ गेलेली एकच नळी, साधारण ३८ मिलिमीटर जाडीची. प्लंबिंगच्या दुकानात बाहेरून ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो. ब्लास्टर घरी घडवण्याची अख्खी कला या दोन मिलिमीटरच्या जवळिकीवर उभी आहे.

खरी कसोटी भोकांची. गोल पृष्ठभागावर नजरेच्या अंदाजाने आखलेली रांग हमखास वाकडी जाते. म्हणून भोकांचा नकाशा कागदावर काढून तो पाइपाभोवती घट्ट गुंडाळतात, केंद्रावर टोच्याने खूण करतात, आधी बारीक आणि मग मोठ्या बिटाने ड्रिल करतात. थेट मोठं बिट लावलं तर ते घसरतं, कडा फाटतात. दस्ता आणि घडीचा मागचा दांडा यांना सपाट पत्रा लागतो. तोही पाइपातूनच निघतो. पाइप उभा चिरून तापवला की सुमारे ८० अंश सेल्सियसला पीव्हीसी मऊ पडतं, आणि दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलं की सपाट होतं. मात्र ते जळू देता कामा नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. हे काम मोकळ्या हवेतच करायचं.

पाइपावरची चकाकी पॉलिश पेपरने घालवल्याशिवाय रंग धरत नाही. मग प्रायमर, त्यावर मंद काळा रंग आणि शेवटी कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशाने चंदेरी हात. हाताळून झिजलेल्या लोखंडाचा भास त्या शेवटच्या हाताने येतो. प्लास्टिकचा धातू होतो तो इथे.

असे ब्लास्टर घेऊन ‘५०१ लीजन’ ही चाहत्यांची संघटना जगभर हिंडते. अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. चित्रपटातल्या खलसैनिकांच्या वेशात तिचे सभासद आजारी मुलांना भेटायला जातात, सेवाभावी कामांसाठी पैसे उभे करतात. वेशातला तपशील पडद्याबरहुकूम असावा, याबद्दल ते कमालीचे काटेकोर असतात.

पण हुबेहूबपणासोबत जबाबदारीही येते. दुरून पाहणाऱ्याला पाइप आणि पोलाद यांतला फरक कळत नाही. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोक लागतं ते याचसाठी. वस्तू रस्त्यावर मिरवायची नाही, पिशवीत झाकून न्यायची, विमानात हातातल्या सामानात ठेवायची नाही आणि कोणावर रोखायची नाही, हे पथ्य कारागिरीचाच भाग मानायला हवं.

चित्रपटवाल्यांनी माणूस मारू शकणारं यंत्र घेतलं आणि त्याला कल्पनेतलं केलं. घरी पाइप कापणाऱ्याच्या हाती मुळातच पाणी वाहून नेणारी निरुपद्रवी नळी असते. त्यात गोळी नाही, छर्रा नाही, स्प्रिंगही नाही. ती घडवताना मापं घेणं, कापणं, तासणं आणि चुकलेला तुकडा पुन्हा करणं हे सगळं हाताला येतं. शस्त्राच्या आकारातून शस्त्र वजा करून उरणारी ही कारागिरी मला मनापासून मोलाची वाटते.