वाळवंटातली सोबत



वाळवंटात सापडलेली गोरी स्त्री आणि घोडा फेकत येऊन तिला उचलून नेणारा अरब शेख, ही जोडी तुम्हाआम्हाला चांगली परिचयाची आहे. ई. एम. हल या इंग्रज लेखिकेने १९१९ साली 'द शेख' ही कादंबरी लिहिली, १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन तिचा मूकपट निघाला, आणि पुढे या कथेची किती रूपे आली याची गणती नाही. पण या कादंबरीत एक गंमत आहे. शेवटी शेवटी असा उलगडा होतो की, हा शेख जन्माने अरब नव्हेच. त्याचा बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश! दोन संस्कृतींच्या मीलनाचा एवढा थाट मांडून लेखिकेने ऐन वेळी पाय मागे घेतला. असे मीलन कथेपुरते रंजक खरे, पण ते शेवटास नेण्याचा धीर काही झाला नाही.

आज ज्या प्रेमाविषयी मी बोलणार आहे, ते या कादंबरीच्या साठपासष्ट वर्षे आधी प्रत्यक्ष घडलेले आहे, आणि त्यातला अरब अखेरपर्यंत अरबच राहिला. परक्या मुलुखात दोन अनोळखी जीव जवळ आले, हे एक वेळ समजू शकते. पण ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले ते कशाच्या बळावर, हा खरा प्रश्न आहे.

या कथेतील स्त्रीचे नाव जेन डिग्बी. जन्म १८०७ चा, इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यातला. बाप आरमारी अधिकारी. ट्रफाल्गरच्या लढाईत एका जहाजाचा कप्तान होता. सतराव्या वर्षी तिचे लग्न चौतीस वर्षांच्या एका विधुर लॉर्डाशी लावून देण्यात आले. हा लॉर्ड आपल्याला अपरिचित नाही. तोच लॉर्ड एलनबरो. १८४२ ते १८४४ या काळातला हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल. सोमनाथचे म्हणून गझनीहून दरवाजे आणवून त्यांचा गाजावाजा करणारा तोच, आणि डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला तोही त्याच्याच कारकीर्दीत. अर्थात तोवर जेन त्याच्या आयुष्यातून निघून गेली होती. ऑस्ट्रियाचा तरुण वकील प्रिन्स श्वार्त्सेनबर्ग याच्याशी जडलेले तिचे संबंध उघडकीस आले आणि १८३० साली पार्लमेंटचा खास कायदा करून हा विवाह मोडण्यात आला. घरातली गोष्ट अशी वर्तमानपत्रांच्या चव्हाट्यावर आली.

पुढची वीस वर्षे मी भराभर ओलांडतो. म्युनिकला बव्हेरियाच्या राजाने आपल्या 'सौंदर्यदालना'साठी तिचे चित्र काढवून घेतले. एका जर्मन बॅरनशी दुसरे लग्न झाले, एका ग्रीक काउंटाशी तिसरे. मुले झाली, त्यांतली काही दगावली, काही बापाच्या घरी वाढली. या साऱ्यात तिचा दोष नव्हता असे म्हणण्याचा माझा विचार नाही. एवढेच सांगायचे की, १८५३ साली जेन शामच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची, कुठेही मूळ न धरलेली बाई होती.

तिला पाहायचे होते पाल्मिरा. तिसऱ्या शतकात राणी झेनोबियाने जेथून रोमला आव्हान दिले, ते हे नगर. अरबीत त्याला तद्मुर म्हणतात. २०१५ साली तेथली बेलची प्राचीन वास्तू धर्मवेड्यांनी सुरुंग लावून उडवली, हे वृत्त आपण वाचले असेल. दमास्कसपासून हे ठिकाण सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आत आहे, आणि मधला मुलूख म्हणजे शामचे वाळवंट.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. हे वाळवंट तसे नाही. ते खडीचे, कंकरांचे माळरान आहे. हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो, वसंतात गवताची लव येते, उन्हाळ्यात सारे करपून जाते. म्हणून तेथली बदाऊ माणसे, म्हणजे तंबूत राहणारे भटके अरब, थंडीत उंटांचे कळप घेऊन आत जात आणि उन्हाळ्यात गावांच्या कडेला येत. विहिरी मोजक्या, आणि त्या कोठे आहेत हे ज्याच्या-त्याच्या टोळीलाच ठाऊक असे. त्यामुळे तेथे शिरलेला परका प्रवासी पहिल्या दिवसापासून अडकलेलाच असे. उंट चालत असला तरी परत फिरण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असे.

अशा मुलुखात माणसांनी एक व्यवस्था बसवली होती. तिचे नाव 'रफीक', म्हणजे सोबती. दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून जायचे असेल तर त्या टोळीतला एक माणूस बरोबर घ्यावा. त्याच्याजवळ शस्त्र असो वा नसो, त्याची उपस्थिती हीच हमी. त्याच्या सोबतीतल्या प्रवाशाला लुटले तर साऱ्या टोळीचे तोंड काळे होई. पाहुण्याचेही तसेच. ज्याने तुमच्या तंबूत मीठभाकर खाल्ली, त्याचे रक्षण तुमच्या शिरावर आले. मग तो शत्रू का असेना. ही भाबडी उदारता नव्हे. आज जो आश्रय देतो, तोच उद्या तहानलेला दुसऱ्याच्या दाराशी उभा राहणार असतो. आपल्याकडे वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाला पाणी विचारतात ते पुण्याईसाठी. तेथे ते जगण्यासाठी होते.

पाल्मिराच्या वाटेवर सोबत देण्याचा हक्क मेझराब टोळीकडे होता. जेनच्या काफिल्याबरोबर आला तो टोळीच्या शेखाचा भाऊ, मेजुएल अल मेझराब. वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान, ठेंगणासा, काळ्या दाढीचा. लिहितावाचता येणारा आणि घोड्यांचा जाणकार. वाटेत लुटारूंनी काफिला गाठला आणि मेजुएलने त्यांना पिटाळून लावले. प्रवाशांकडून सोबतीचे दाम चांगले मिळावे म्हणून असे छापे कधी कधी ठरवूनही घातले जात, असे दमास्कसच्या युरोपियन मंडळींत बोलले जाई. ते काहीही असो. त्या प्रवासातच त्याने तिला मागणी घातली.

आणि येथे कादंबरी आणि आयुष्य यांची वाट वेगळी होते. जेनने लगेच होकार दिला नाही. त्या वेळी तिचे मन एका दुसऱ्याच अरब तरुणाकडे ओढले होते. ती अथेन्सला गेली, परत आली. त्या तरुणाकडून निराशा पदरी पडली. मग ती काफिल्याबरोबर बगदादला जाऊन आली. परतीच्या वाटेवर मेजुएल तिला सामोरा आला, भेटीदाखल एक अरबी घोडी घेऊन. प्रेम जुळले म्हणायचे तर ते या दुसऱ्या भेटीत, पहिल्या छाप्याच्या धुरळ्यात नव्हे.

लग्न १८५४-५५ च्या सुमारास मुसलमानी रिवाजाने झाले. अट तिची एकच होती : मी असेतो दुसरी बायको नाही. मेजुएलला पहिली बायको होती, मुले होती. त्याने तिला सोडून माहेरी धाडले. या प्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या बाईपाशीही क्षणभर थांबावे. तिचे मन कोणी लिहून ठेवलेले नाही. दोन परके एक झाले, त्याची किंमत तिसरीने मोजली.

पुढे काय झाले? वर्षाचा काही भाग काळ्या तंबूत आणि काही भाग दमास्कसच्या घरात, असा त्यांनी संसार वाटून घेतला. तो तंबू शेळीच्या केसांचा असतो. उन्हात त्याची वीण वारा आत येऊ देते आणि पावसात केस फुगून पाणी अडवतात. जेन अरबी शिकली, निळा झगा घालू लागली, केसांच्या दोन लांब वेण्या घालू लागली, डोळ्यांत सुरमा घालू लागली. दमास्कसला इंग्रज वकील म्हणून आलेल्या रिचर्ड बर्टनची पत्नी इझाबेल हिने लिहून ठेवले आहे की, तंबूत असताना ही लॉर्डाची एके काळची पत्नी उंटिणीची धार काढी, नवऱ्याच्या हातावर पाणी घाली आणि तो जेवत असता उभी राहून वाढी. इझाबेलला यात अध:पात दिसला. मला वाटते, आपल्याकडची कुठलीही आजी हे वाचून म्हणेल, यात नवल ते काय!

पण वाकणे एकतर्फी नव्हते. तंबूतला माणूस अर्धे वर्ष दगडी भिंतींत राहिला. तिने धर्म बदलला नाही, ती ख्रिस्तीच राहिली, आणि त्याने ते चालू दिले. इंग्लंडातून येणारे उत्पन्न तिच्या हाती होते, त्यामुळे ती कुणाची मिंधी नव्हती. १८६० साली दमास्कसात ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, तेव्हा मेजुएलच्या माणसांच्या पहाऱ्यात तिचे घर सुरक्षित राहिले. रफीकाने दिलेला शब्द तो असा पाळत होता.

हा संसार निर्वेध होता असे समजू नका. तिच्या रोजनिशीत मत्सर आहे, संशय आहे, तो वेळेवर परतला नाही म्हणून रात्ररात्र जागणे आहे. १८५६ च्या अखेरीस ती इंग्लंडला माहेरी गेली. या विवाहाची लाज वाटणाऱ्या आप्तांत काही महिने राहिली, पन्नासावा वाढदिवस पाहिला आणि परत आली. पुन्हा गेली नाही. १८७३ साली तर ती वारल्याची खोटी बातमी युरोपात पसरली आणि मृत्युलेखही छापून आले! त्यांत तिच्या पूर्वायुष्याच्याच कंड्या अधिक होत्या. या वीस वर्षांचे कोणाला काही ठाऊक नव्हते.

११ ऑगस्ट १८८१ रोजी दमास्कसात ती खरोखर वारली. प्रॉटेस्टंट दफनभूमीत तिचा अंत्यविधी होता. चालीप्रमाणे मेजुएलला शोक करणाऱ्यांच्या बंद गाडीत बसवले होते. त्याला ते सोसेना. त्याने दार उघडले, खाली उडी टाकली आणि तो उलट दिशेने धावत सुटला. मंडळींनी डोळे विस्फारले. पुढे पाद्री कबरीपाशी प्रार्थना म्हणत असता टापांचा आवाज झाला. मेजुएल तिच्या लाडक्या घोडीवर बसून आला होता. मागाहून पाल्मिराच्या गुलाबी दगडावर त्याने तिचे नाव अरबीत कोरवून तो तिच्या कबरीच्या पायथ्याशी बसवला.

मंडळी, वाळवंट माणसांना जवळ आणते ते चांदण्याने नव्हे, गरजेने. एकाला विहीर ठाऊक असते, दुसऱ्याला तहान लागलेली असते. पण गरज भागल्यावर माणूस आपापल्या वाटेने जातो, हाही अनुभव आहे. या दोघांची तहान भागली, वाट सापडली, आणि तरीही त्यांनी एकमेकांची सोबत सोडली नाही. प्रत्येकाने आपले अर्धे वर्ष दुसऱ्याला दिले आणि अर्धे आपल्यापाशी ठेवले. आपल्या घरांतही परकी माणसे लग्न होऊन येतात. दुसऱ्या जातीची, दुसऱ्या भाषेची, आता तर दुसऱ्या देशाचीही. त्यांनी 'आपल्यासारखे' केव्हा व्हायचे, हा प्रश्न आपण पहिल्या दिवशी विचारतो. आपण त्यांच्यासाठी वर्षातले किती महिने देणार, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. तो विचारावा, एवढेच मला सांगायचे होते.