चार देश, एक बस आणि सरहद्दींचा हिशेब

युरोपचा नकाशा भिंतीवर टांगून मुलांस एखादा प्रवास आंखावयास सांगितला, कीं बहुतेक मुलें प्रथम प्रेक्षणीय शहरांवर खुणा करितात, मग त्या खुणा रेघेनें जोडितात आणि शेवटीं रेघेची लांबी मोजून इतके तास लागतील असें सांगतात. आपल्या देशांत ही रीत चालते. कारण पुण्याहून हैदराबादेस जातांना महाराष्ट्र केव्हां संपला, कर्नाटक केव्हां आलें आणि तेलंगण केव्हां लागलें, हें पाटी वाचल्यावांचून कळतही नाहीं. परंतु एकमेकांस लागून असलेल्या लहान लहान देशांतून बसनें जावयाचें असल्यास बेताचा आरंभ शहरांपासून न करितां सरहद्दींपासून करावा लागतो. शहरें तींच ठेवून केवळ त्यांचा क्रम बदलला, तर एका क्रमानें प्रवास सुखरूप पार पडतो, आणि दुसऱ्या क्रमानें सबंध कुटुंब नाक्यावर अडकून पडण्याचा प्रसंग येतो. हें कसें घडतें तें एका मार्गाचें उदाहरण घेऊन सांगावें असा विचार आहे.

आड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडील स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना व मॉन्टेनिग्रो हे चार देश आपण घेऊं. पालकांपैकीं वडील मंडळींस यांपैकीं एकही नांव शाळेंत शिकल्याचें आठवणार नाहीं. कारण त्या वेळीं हा सर्व प्रदेश युगोस्लाव्हिया या एकाच राष्ट्रांत मोडत असे. १९६१ सालीं अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद याच राष्ट्राच्या राजधानींत, बेलग्रेड येथें, भरली व तींत पंडित नेहरू उपस्थित होते. पुढें १९९१ सालीं स्लोव्हेनिया व क्रोएशिया, १९९२ सालीं बोस्निया आणि २००६ सालीं मॉन्टेनिग्रो असे हे देश निरनिराळे झाले, आणि काल ज्या रेघा केवळ प्रांतांच्या होत्या, त्यांवर आज पहारेकरी उभे राहिले. या भागांत आगगाडीपेक्षां बसचेंच महत्त्व अधिक आहे. दुब्रोव्हनिकसारख्या जगप्रसिद्ध शहरास आज रेल्वेच नाहीं. तेथील अरुंद रुळांचा मार्ग १९७६ सालीं बंद झाला.

आतां शेंगेन या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेंगेन हें लक्झेंबर्गमधील एक लहानसें गांव. तेथें १९८५ सालीं पांच राष्ट्रांनीं आपसांतील सरहद्दींवरील तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. त्या करारांत आज २९ देश आहेत. या सर्वांचें मिळून एक मोठें आवार आहे असें समजावें: आंत शिरतांना एकदां तपासणी, मग आंतल्या आंत सहसा मोकळीक. आपल्या उदाहरणांतील स्लोव्हेनिया २००७ पासून व क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून या आवाराच्या आंत आहेत. बोस्निया आणि मॉन्टेनिग्रो बाहेर आहेत. भारतीय प्रवाशास या आवारासाठीं व्हिसा लागतो, आणि त्यावर किती वेळां आंत शिरतां येईल याचा आंकडा छापलेला असतो. एक प्रवेश असें लिहिलें असेल, तर आवाराबाहेर पाऊल पडतांच तो व्हिसा संपला. मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत.

नकाशाकडे पाहून सहज सुचणारा क्रम असा: ल्युब्लियाना येथें विमानानें उतरावें, झाग्रेब व स्प्लिट पाहावें, तेथून आंत वळून मोस्तार व सारायेव्हो करावें, परत किनाऱ्यास दुब्रोव्हनिकला यावें, एक फेरी मॉन्टेनिग्रोंतील कोतोरची करावी आणि दुब्रोव्हनिकहून विमान धरावें. दिसावयास सुबक, पण प्रवेश मोजून पाहा. ल्युब्लियानास पहिला, बोस्नियाहून दुब्रोव्हनिकला येतांना दुसरा, कोतोरहून परततांना तिसरा. दोन प्रवेशांचा व्हिसा असलेलें कुटुंब या शेवटच्या नाक्यावर, परतीचें विमान समोर दिसत असतां, अडवलें जाईल.

तींच शहरें दुसऱ्या क्रमानें घ्या. ल्युब्लियाना, झाग्रेब, स्प्लिट, तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें दुब्रोव्हनिक, मग कोतोर, कोतोरहून त्रेबिन्येमार्गें मोस्तार, शेवटीं सारायेव्हो, आणि तेथूनच इस्तंबूलमार्गें स्वदेशीं परत. आवारांत प्रवेश एकदांच झाला. तथापि येथें एक मेख आहे. बाहेरच्या दोन देशांतही भारतीयांस परवानगी लागतेच. शेंगेनचा अनेक प्रवेशांचा चालू व्हिसा ज्याच्यापाशीं आहे, अशास हे देश कांहीं दिवसांपुरती स्वतंत्र परवान्यावांचून मोकळीक देतात. एक प्रवेशाच्या व्हिशावर तिची खात्री धरूं नये. म्हणून अर्ज करितांनाच सर्व मार्ग लिहून देऊन अनेक प्रवेश मागावेत, आणि निघण्यापूर्वीं त्या त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पुन्हां पाहावे. हे नियम किती लवकर फिरतात याचा दाखला शेजारच्या सर्बियानें दिलाच आहे. तेथें कांहीं वर्षें भारतीयांस व्हिसाच लागत नसे. १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली.

स्प्लिट ते दुब्रोव्हनिक या टप्प्याबद्दल थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. दोन्ही शहरें क्रोएशियांत. मग मध्यें सरहद्द कशी? नकाशा जवळून पाहिला तर नेउम या गांवाजवळ बोस्नियाची सुमारें २० किलोमीटरांची एक पट्टी समुद्रापर्यंत आलेली दिसेल. तिचें कारण तीनशें वर्षांपूर्वींचें आहे. दुब्रोव्हनिक तेव्हां एक लहान व्यापारी प्रजासत्ताक होतें आणि त्यास तुर्कांपेक्षां व्हेनिसच्या आरमाराचें भय अधिक वाटे. म्हणून १६९९ च्या कार्लोव्हित्स येथील तहाच्या वेळीं त्यानें आपल्या दोन्ही बाजूंच्या जमिनीची एकेक पट्टी तुर्कांच्या सत्तेखालीं जाऊं दिली, जेणेंकरून व्हेनिसची हद्द आपल्यास भिडूं नये. व्हेनिसचें राज्य गेलें, तुर्कांचेंही गेलें. नेउमची पट्टी राहिली. युगोस्लाव्हिया मोडल्यावर ती दोन राष्ट्रांमधील सरहद्द बनली, आणि क्रोएशियांतून क्रोएशियांतच जाणाऱ्या बसला दोनदां नाका ओलांडावा लागूं लागला. अखेर २६ जुलै २०२२ रोजीं पेल्येशात्स द्वीपकल्पास जोडणारा सुमारें २.४ किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला, व पट्टी टाळून जातां येऊं लागलें. परंतु तिकीट काढतांना गाडी पुलावरून जाणार कीं नेउमवरून, हें स्पष्ट विचारून घ्यावें. ज्याच्या व्हिशावर एकच प्रवेश आहे त्यास या एका प्रश्नाचें मोल फार आहे.

अंतराविषयींही नकाशा फसवितो. झाग्रेब ते स्प्लिट सुमारें ४०० किलोमीटर. महामार्ग उत्तम असल्यानें बस पांच-सहा तासांत पोहोंचते. दुब्रोव्हनिक ते कोतोर उणेंपुरें ९० किलोमीटर; पण जुलै-ऑगस्टांत नाक्यावर अशी रांग लागते कीं तितकाच वेळ तेथेंही जाऊं शकतो. नाक्यावर कधीं कंडक्टर सर्वांचे पासपोर्ट गोळा करून नेतो, कधीं सर्वांस उतरून खिडकीपाशीं उभें राहावें लागतें. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनीं शिक्क्यांच्या ऐवजीं प्रत्येक ये-जा संगणकांत नोंदविण्यास टप्प्याटप्प्यानें आरंभ केला. त्यामुळें १८० दिवसांत ९० दिवसांची जी मर्यादा आहे, ती एका दिवसानें ओलांडली तरी लपत नाहीं. स्लोव्हेनियानेंही क्रोएशियाच्या बाजूस २०२३ पासून तात्पुरती तपासणी पुन्हां सुरू केली, तेव्हां आवाराच्या आंतही पासपोर्ट खिशांत हवाच. शिवाय युरोपीय संघाच्या कायद्यानें चालकास साडेचार तास गाडी हांकल्यावर पाऊण तास विसांवा घ्यावाच लागतो. तो वेळ वायां गेला म्हणून कुरकुरणारे प्रवासी मीं पाहिले आहेत. डोंगराच्या कडेनें जाणाऱ्या त्या रस्त्यांवर चालकाची झोंप पुरी झालेली असणें हें त्यांच्याच हिताचें आहे. एका दिवशीं एकच सरहद्द, हा माझ्या मतें शहाणपणाचा हिशेब होय.

कागदपत्रांचें थोडक्यांत सांगतों. व्हिशाचा अर्ज ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्या देशाकडे करावा. वरील मार्गांत उतरणें स्लोव्हेनियांत असलें तरी मुक्काम क्रोएशियांत जास्त, म्हणून अर्ज क्रोएशियाकडे. तो प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपलीकडे घेत नाहींत व पंधरा दिवसांच्या आंत आणूं नये असा नियम आहे. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आंतील मुलांस ४५ युरो, त्याहून लहानांस कांहीं नाहीं. आजारपणाचा विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. तो पुष्कळदां शेंगेन देशांपुरताच असतो. बोस्निया व मॉन्टेनिग्रो हीं नांवें त्यांत आहेत कीं नाहींत हें पाहावें. मूल आईबापांपैकीं एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचें संमतिपत्र जवळ असावें.

पैशांची मौज निराळीच आहे. मॉन्टेनिग्रो युरोपीय संघांत नाहीं, तरी तेथें युरोच चालतो. बोस्नियाचें नाणें मार्क. एका युरोस १.९५५८३ मार्क हा ठरलेला भाव. हा आंकडा जर्मनीच्या जुन्या मार्काचा आहे. जर्मनींत तें नाणें २००२ सालीं गेलें, पण नांव व मोल बोस्नियांत अजून जिवंत आहे. बोस्नियाबाहेर हे मार्क मोडून मिळणें कठीण, म्हणून लागतील तितकेच घ्यावे. मात्र सुटीं नाणीं जवळ ठेवावीं. बसच्या पोटांत सामान ठेवण्याचे एक-दोन नाणीं निराळीं द्यावीं लागतात, आणि कांहीं स्थानकांवर फलाटाचें तिकीटही असतें.

मोस्तारला १५६६ चा दगडी पूल आहे, म्हणजे होता. १९९३ च्या युद्धांत तो पाडला गेला व २००४ सालीं जसाचा तसा पुन्हां बांधला. त्यासाठीं एक पुरा दिवस राखावा. तेथून सारायेव्होस बसनें किंवा नेरेत्व्हा नदीच्या कांठानें आगगाडीनें जातां येतें. बोस्नियाच्या रानांत युद्धांतील सुरुंग अद्याप सर्व निघालेले नाहींत. रुळलेली वाट सोडून मुलांस कोठेंही धांवूं देऊं नये. आणि सारायेव्होचें तिकीट काढतांना स्थानकाचें नांव वाचावें. तेथें बसचीं स्थानकें दोन आहेत: एक रेल्वे-स्थानकाजवळ शहरांत, दुसरें पूर्व सारायेव्होंत, कित्येक किलोमीटर दूर. मॉन्टेनिग्रोकडून येणाऱ्या कांहीं बसगाड्या या दुसऱ्या स्थानकावरच थांबतात, आणि रात्रीं उशिरा तेथें उतरल्यास शहरांत जावयास भाड्याची मोटारच पाहावी लागते.